चुकांची पाटी

बाळीचा श्वास बावन्न भरला तेव्हा दुपारचे साडेतीन वाजत होते, आणि घरात दुसरं मोठं माणूस नव्हतं.

सात महिन्यांची पोर तीन दिवस खोकत होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "घाबरायचं काही कारण नाही. झोपली की श्वास मोजत जा. मिनिटाला पन्नासच्या वर गेला तर मात्र लगेच घेऊन या." आता जिला 'घाबरू नका' म्हटलं की घाबरायला आणखी दोन कारणं सुचतात, तिला मोजायला सांगणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीतच. तिचं सकाळपासून अकरा वेळा मोजून झालं होतं. त्यासाठी कपाटातलं बाबांचं जुनं स्टॉपवॉच काढलं होतं. तळहातभर, जाडजूड, काचेवर ओरखडे, आणि डोक्यावरचं बटण दाबलं की 'टक्' असा मोठ्या तोऱ्यात आवाज करणारं. बाळी जन्मली त्या आठवड्यात बाबांनी ते रुमालात गुंडाळून आणून दिलं होतं. "तुला लागेल," एवढंच म्हणाले होते.

पूर्ण मिनिटभर बाळी कशाला निवांत पडतेय? म्हणून ती लहानपणी शिकली होती तसंच मोजत होती. पहिल्याला बटण, दहाव्याला बटण, मग भागाकार. साडेअकरा सेकंद आले. दहा श्वासांना साडेअकरा, म्हणजे मिनिटाला बावन्न.

पुन्हा मोजलं. पुन्हा बावन्न.

दहा मिनिटांत ती दवाखान्यात होती. खांद्यावर बाळी, हातात स्टॉपवॉच, आणि पायांत दोन वेगळ्या चपला, एक तिची आणि एक नवऱ्याची. चपलांचं सिस्टरांनीच दाखवून दिलं.

सिस्टर वयाने मोठ्या होत्या, घाईघाईने काहीही न करणाऱ्या. त्यांनी बाळीचं झबलं वर केलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे एक डोळा ठेवून मिनिटभर तिचं पोट बघितलं. "सत्तेचाळीस," त्या म्हणाल्या.

"असं कसं? मी दोनदा मोजलं. बावन्न आलं."

"कसं मोजलंत? दाखवा बघू."

तिने दाखवलं. बाळीचं पोट वर आलं, अंगठा खाली गेला, टक्, आणि ओठ म्हणाले, एक.

सिस्टर हसल्या. "अहो, तिथे एक कुठला? तिथे तर तुम्ही घड्याळ सुरू केलंत. तो श्वास व्हायचाय अजून. तिथे म्हणायचं शून्य." त्यांनी आपला पंजा तिच्यासमोर पसरला. "बोटं किती? पाच. मधल्या फटी किती? चार. तुम्ही बोटं मोजता आणि फटींचा हिशोब लावता. दहा म्हणून नऊच श्वास मोजलेत तुम्ही. जा घरी. आणि ती चप्पल बदला, पडाल कुठेतरी."

तिचा जीव भांड्यात पडला. बाहेरच्या बाकावर बसून तिने बाळीला पाणी पाजलं, नवऱ्याला फोन करून 'काही नाही, सगळं ठीक' असं अशा आवाजात सांगितलं की तो हातातलं काम टाकून निघाला. आणि मग तिथेच, त्या बाकावर, भांड्यात पडलेला जीव पुन्हा हळूच वर आला. हेच बटण. हाच 'टक्'. गच्चीवरची सतरंजी, नऊ वर्षांची ती, आणि तिचे ओठ म्हणताहेत, एक. पाच आठवडे. रोज संध्याकाळी.

ती तेव्हाही एकपासूनच मोजत होती.

*

बाबा कारखान्यात वेळ मोजायच्या खात्यात होते. एका माणसाला एक खोकं बांधायला किती वेळ लागतो, हे त्याच्या पाठीशी स्टॉपवॉच घेऊन उभं राहून टिपायचं, हे त्यांचं काम. त्या टिपणावर कामाचा दर ठरायचा, त्यामुळे बाबा दारातून आत आले की सगळ्यांत चपळ कामगाराच्या बोटांनाही संधिवात व्हायचा. "घड्याळ्या आला रे!" अशी हाळी उठायची. बाबांना ते नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे पुढे घरी येणाऱ्या पाकिटांवरही लोक तेच लिहायला लागले आणि टपालवाला ती बिनचूक आणून द्यायचा.

संध्याकाळी तेच स्टॉपवॉच घेऊन बाबा गच्चीवर जात. सूर्य बुडून अर्धा-पाऊण तास झाला की खाली अंधार पडतो, पण वर, हजारभर किलोमीटरवर, अजून ऊन असतं. त्या उन्हात निकामी झालेले उपग्रह आणि रॉकेटांचे रिकामे टप्पे कोलांट्या खात फिरत असतात. एखादी सपाट बाजू उन्हाकडे वळली की झळकतात, वळून गेली की विझतात. दोन चमकांमधला वेळ टिपला की कळतं, गिरकी किती वेळात होते. आणि वर्षानुवर्षं टिपत राहिलं की कळतं, ती कशी मंदावत चालली आहे. एवढंच. त्यापुढे काही नाही.

"याचा उपयोग काय?" आई विचारायची.

"उपयोग नाही म्हणून तर कोणी भांडत नाही," बाबा म्हणायचे. "दिवसभर ज्यांना मोजतो ते शिव्या घालतात. हे बघ कसे, मोजा की मोजू नका, आपल्या चालीने चाललेत."

"घरातलं भंगार हलवायचं नाव नाही, आणि वरचं मोजायला जिना चढतात."

असे हौशी मोजणारे ठिकठिकाणी मिळून पंचवीस-तीस जण होते. एकमेकांना त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. सगळ्यांची टिपणं जायची एका निवृत्त मास्तरांकडे. मास्तर जन्मभर गणित शिकवलेले. ते सगळं तपासून, तक्ते करून, दर तीन महिन्यांनी हिरव्या कागदाची एक पत्रिका काढायचे. त्या पत्रिकेच्या पहिल्या पानावर 'चुकांची पाटी' असायची. ज्याची चूक सापडेल त्याचं नाव, चूक आणि चुकीचं कारण, चौकटीत. मोठ्या माणसांना त्याची भारी गंमत. पाटीवर एकदाही न आलेल्याला म्हणे खरा निरीक्षक मानतच नसत. बाबा स्वतः दोनदा आले होते. एकदा त्यांनी उतरणाऱ्या विमानाच्या दिव्याची सव्वा मिनिट वेळ मोजली होती आणि वर शेरा मारला होता, 'अत्यंत नियमित'. ते पान आईने कित्येक महिने कपाटाच्या दाराला आतून लावून ठेवलं होतं.

आधी आईच मोजायला जायची. कारण बाबांचा एक सिद्धांत होता: डोळा, अंगठा आणि मोजणी ही तीन कामगारांची कामं. एकाच माणसाला तिन्ही दिली की त्यातला एक कामचुकारपणा करतो. म्हणून दुर्बिणीला डोळा बाबांचा, स्टॉपवॉचवर अंगठा बाबांचा, आणि मोजणी आईची. पण एके दिवशी खाली गॅसवर दूध उतू गेलं, पातेलं जळलं, वास शेजाऱ्यांपर्यंत गेला, आणि आईने जिन्यात उभं राहूनच राजीनामा दिला. "तुमची पोरगी झाली आता नऊ वर्षांची. घ्या तिला कामावर."

तशी ती कामावर लागली.

ते सहा आठवड्यांच्या सुट्टीचे दिवस होते. गच्चीची फरशी दिवसभर तापलेली असायची. सतरंजीवर पडलं की पाठीला ऊब आणि तोंडाला गार वारा. पाण्याच्या टाकीत थेंब पडत राहायचे. दोरीवर राहून गेलेला एखादा टॉवेल. बाबा घडीच्या खुर्चीत मान टाकून बसायचे, गळ्यात दुर्बीण, मुठीत स्टॉपवॉच. मास्तरांच्या पोस्टकार्डावर वेळ दिलेली असायची, आणि त्या वेळेच्या दोन मिनिटं आधी दोघंही बोलायची थांबायची, जसं काही मोठ्याने बोललं तर ती दुसरीकडून जाईल.

ती म्हणजे लंगडी. एका रॉकेटचा रिकामा टप्पा होता तो, पण एक चमक मोठी, एक बारीक, एक मोठी, एक बारीक, अशी लंगडी घालत जायचा म्हणून बाबांनी ते नाव ठेवलं, आणि मास्तरांनी ते तक्त्यात छापलं. मोजायच्या त्या फक्त मोठ्या चमका. बाबांना दुर्बिणीतून बघताना शेजारी कोणी बोललेलं चालत नसे, म्हणून तिने मनातल्या मनात मोजायचं आणि दहाव्याला मोठ्याने म्हणायचं, "बस!" की बाबांचा अंगठा खाली.

काय ऐट होती तिची! तशी ती जात्याच काळजीवाहू. वेणीचं टोक चावून चावून झाडूसारखं झालेलं, आणि झोपण्याआधी दाराची कडी चार वेळा बघायची. तीन वेळा बघून झोप लागत नसे. पण गच्चीवर तिला कशाचीही काळजी वाटत नसे. तिथे फक्त दहापर्यंत मोजायचं होतं, आणि ते तर तिला पहिलीपासून येत होतं.

दुसऱ्या आठवड्यात बाबांनी एक बदल केला. रोज एकदा दहा झाले की म्हणायचे, "आता एकदा वीस मोज."

"वीस कशाला? दहा झाले की!"

"मोज गं. कोणी मोजत असलं की बरं वाटतं."

ती कुरकुरत मोजायची. वीस म्हणजे तीन मिनिटं होत, आणि तेवढा वेळ मान वर ठेवून लंगडीमागे फिरवायची.

मग शाळा सुरू झाली, आणि तीन महिन्यांनी पत्रिका आली. तक्त्यात लंगडीपुढे छापलं होतं, 'निरीक्षक: घड्याळ्या व कन्या'. कन्या! ती पत्रिका तिने आठवडाभर उशाखाली ठेवली. शाळेत नेली. बाईंनी वर्गात वाचून दाखवली. त्या ओळीच्या शेवटी एक बारीकशी चांदणी छापली होती ती तिला सजावट वाटली.

नंतर बाबांनी लंगडीची टिपणं पाठवणं बंद केलं. पुढे हळूहळू सगळंच बंद केलं. कोणी विचारलं तर म्हणायचे, "अंगठा पूर्वीसारखा राहिला नाही." आणि तिनेही ते खरं मानलं. बावीस वर्षं.

*

संध्याकाळी बाळी झोपल्यावर तिने फोन लावला.

"बाबा, गच्चीवर मोजायचो ना आपण, ते पहिल्या चमकेला शून्य म्हणायचं होतं का?"



"बाळीचा खोकला कसा आहे?" बाबांनी विचारलं.

"बरा आहे. बाबा, मी काय विचारतेय?"

"तू जेवलीस का?"

तिला बाबा चांगले माहीत होते. ज्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसेल त्यावर ते जेवण वाढायचे.

रविवारी ती बाळीला घेऊन माहेरी गेली. आईने दारातच बाळीला काढून घेतलं आणि लेकीला आपादमस्तक न्याहाळलं. "आज चपला तरी एका जोडीच्या आहेत ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"जावईबापूंनी. त्यांची एक चप्पल अजून परत मिळाली नाही म्हणत होते."

बाबा खिडकीशी पेपर वाचत होते. तिने नमस्कार-चमत्कारात वेळ घालवला नाही. सरळ आतल्या खोलीत जाऊन कपाटावरचा पत्र्याचा डबा काढला. त्यात त्या वर्षीची वही होती आणि हिरव्या पत्रिकांचा गठ्ठा. ती ओळ शोधायला वेळ लागला नाही, कागद तिथे मऊ पडला होता. 'घड्याळ्या व कन्या', आणि ती चांदणी. तिने पानाच्या तळाशी पाहिलं. तिथेही तशीच चांदणी, आणि पुढे तीन शब्द: 'निरीक्षणे संशयित. वगळावीत.'

सजावट नव्हती ती.

गठ्ठ्याच्या वर एक पाकीट होतं, ताजं, गेल्या महिन्यातलं. अक्षर मास्तरांचं, पण आता ओळ सरळ राहत नव्हती. त्यांनी लिहिलं होतं की वय झालं, ही पत्रिका शेवटची. तिच्यात लंगडीचा पहिल्यापासूनचा पुरा तक्ता छापायचा आहे. त्या वर्षी उन्हाळ्यात बाकी सगळीकडे ढग होते. पाच आठवडे फक्त तुमच्याच गच्चीवरून ती दिसली. पण ती निरीक्षणे चांदणीची, ती मला छापता येणार नाहीत. तक्त्यात तिथे भोक राहील. 'तुमच्यासारख्या पक्क्या हाताकडून असं कसं झालं, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. काही सांगायचं असेल तर पुढच्या महिनाअखेरपर्यंत टपालात टाका.'

आज अठ्ठावीस तारीख होती.

तिने वही उघडली. बाबांचं बारीक, उभं अक्षर. पहिल्या आठवड्यात रोज एकच ओळ. दुसऱ्यापासून रोज दोन. एका संध्याकाळी: दहा चमका, एक्याऐंशी सेकंद. त्याच संध्याकाळी: वीस चमका, एकशे एकाहत्तर सेकंद. दहाने भागलं तर चमकेला आठ पूर्णांक एक. विसाने भागलं तर साडेआठच्या वर. एकच लंगडी, एकच संध्याकाळ, आणि दोन उत्तरं. कारण दोन्ही वेळेला सुरुवातीची ती एक चमक फुकटची मोजली होती. पण चूक दोन्हीकडे सारखीच असेल तर? तिने पेन्सिल घेतली. एकशे एकाहत्तरातून एक्याऐंशी गेले, नव्वद. विसातून दहा गेले, दहा. दहा चमकांना नव्वद. चमकेला नऊ. सुरुवात कुठूनही केलेली असो, वजाबाकीत ती गळून जात होती.

दुसऱ्या दिवसाचं तिने तसंच केलं. नऊ. तिसऱ्याचंही नऊ. आणि मग पानाच्या अगदी कडेला, शिवणीत लपल्यासारखा, तिला पेन्सिलीने लिहिलेला एक फिकट आकडा दिसला. नऊ. मागचं पान उलटलं. तिथेही. प्रत्येक पानाच्या शिवणीत, बावीस वर्षांपूर्वीच्या पेन्सिलीने, बाबांच्या अक्षरात, नऊ.

ती वही घेऊन बाहेर आली.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं."

"काय?"

"मी एकपासून मोजत होते ते."

बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, परत लावला. "तुझे ओठ हलायचे," ते म्हणाले. "एकदा दुर्बिणीतून डोळा काढला आणि दिसलं."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"चाललं होतं चांगलं. हे बघ, नोकरीत मी एकच गोष्ट शिकलो. माणूस लयीत काम करत असला की त्याला टोकू नये. टोकलं की हात अडखळतो, मग तो दिवसभर अडखळतच राहतो. त्यापेक्षा आपण आपलं मोजमाप बदलावं. म्हणून वीस घ्यायला लागलो. काम झालं, लय मोडली नाही."

"पण पहिल्या आठवड्याचं चुकीचं गेलं. आणि नंतरही तुम्ही नुसते दहाचेच आकडे पाठवलेत! दुरुस्ती कळवायची ना मास्तरांना. एक पोस्टकार्ड!"

"कळवलं असतं तर त्यांनी पाटीवर टाकलं असतं."

"टाकू देत की!"

"आता म्हणतेस." बाबांनी पेपरची घडी घातली, मग आणखी एक घडी घातली. "त्या वर्षी तुझी गणितात एक बेरीज चुकली होती. एक. दोन दिवस अन्न गोड लागलं नव्हतं तुला. कडी चार वेळा बघायचीस, ती सहा वेळा बघायला लागलीस. आणि ती पत्रिका शाळेत घेऊन गेलीस. पुढच्या पत्रिकेत पहिल्याच पानावर, चौकटीत, 'कन्येला मोजता येत नाही' असं येऊ देऊ? नाही म्हटलं. राहू दे चांदणी. चांदणीने कोणाचं काय बिघडतं? आकाशात कमी आहेत का?"

"तुम्ही मोजणं सोडलंत बाबा."

"तुझ्या नावाशेजारी चांदणी ठेवून पुढची पाठवायची कशी? माझी घेतली असती त्यांनी, तुझी वगळून. एकट्याची पाठवा म्हणालेही होते. मी म्हटलं, टिपण दोघांचं आहे."

"आणि अंगठा?"

"अंगठा आता गेला. तेव्हा नव्हता गेला."

आई बाळीला थोपटत दारात उभी होती. "तोंडाने राहू दे राहू दे," ती म्हणाली, "आणि दर पत्रिकेला पान उघडायचं तेच. मला काय दिसत नाही? गेल्या महिन्यात ते पत्र आल्यापासून तर रात्री कूस बदलणं चाललंय नुसतं. तीन कोरी पाकिटं टेबलावरच आहेत. एकातही पत्र नाही."

बाबांनी आईकडे असं पाहिलं की जणू तिने पातेलं पुन्हा जाळलं होतं.

"मी लिहिते," ती म्हणाली.

"काही गरज नाही."

"आहे. तक्त्यात भोक राहतंय."

"तुझं नाव कशाला त्यात? मी लिहितो, माझ्याकडून मोजताना चूक झाली म्हणून."

"हे खोटं होईल. मास्तर पक्के आहेत, विश्वास ठेवणार नाहीत. बाबा, मी आता एकतीस वर्षांची आहे. एवढं सोसेल मला."

"तुला?" बाबा म्हणाले. "बुधवारी बावन्न आकडा बघून दोन चपला..."

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

ती सरळ टेबलाशी जाऊन बसली आणि लिहायला लागली. 'आदरणीय मास्तर, मोजणारी मी होते. वय नऊ वर्षे. पहिल्या चमकेला शून्य म्हणण्याऐवजी एक म्हणत असे. ती सवय मला गेल्या बुधवारपर्यंत होती.'

बाबा खांद्यावरून वाचत होते. "वय कशाला लिहितेस?"

"काही सवलत मिळते का बघते."

ते हसले नाहीत, पण पाठीमागची खुर्ची ओढून बसले. मग तिने वहीतल्या जोड्या एकाखाली एक मांडल्या. सव्वीस संध्याकाळच्या सव्वीस वजाबाक्या. पहिल्या आठवड्याच्या फक्त दहाच्या होत्या, त्यांना नऊने भागलं. बाबा आपल्या शिवणीतल्या आकड्यांशी एकेक ताडून बघत होते, ओठ हलवत.

"सतरावी," ते अचानक म्हणाले. "हातचा विसरलीस."

तिने पाहिलं. खरंच विसरली होती. कागदावर, सगळ्यांसमोर, शाईने. ती थांबली, स्वतःकडेच बघत राहिली, काय होतंय ते. काही झालं नाही. हसू मात्र आलं, आणि एकदा आलं ते थांबेना, मग बाबाही हसायला लागले, आणि आई आतून ओरडली, "पोरीला उठवाल! काय एवढं विनोदी आहे त्या भंगारात?"

शेवटी तिने लिहिलं: 'चूक चुकांच्या पाटीवर घ्यावी. नाव कन्या असेच छापावे.' बाबांनी ते वाचलं. पाकीट त्यांनी स्वतः चिकटवलं, तिकीट लावलं, तिकिटावर मुठीने दोनदा दाबलं, आणि चपला घालून कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून आले. वाटेत कोणी भेटलं असावं, कारण यायला उशीर झाला. परतले ते ताठ.

"संध्याकाळी सात बाराला आहे," ते दारातूनच म्हणाले.

"काय?"

"लंगडी. मोबाइलवर बघितलं. आता पोस्टकार्डं लागत नाहीत."

*

गच्ची तीच होती, टाकी नवी होती. घडीची खुर्ची केव्हाच गेली होती, बाबा एका उलट्या बादलीवर बसले. दुर्बीण गळ्यात होती. बाळी तिच्या खांद्यावर, टोपड्यात, अर्धवट जागी. हवेत थोडा गारवा होता. त्यावरून तिने दोनदा विचारलं, "हिला सर्दी होईल का?" आणि दोन्हीदा बाबा म्हणाले, "नाही."

बाबांनी हात पुढे केला. तिने पर्समधून स्टॉपवॉच काढून दिलं. त्यांनी बटणावर अंगठा ठेवला. अंगठा दाबला, पण 'टक्' झालं नाही. ते त्याच्याकडे थोडा वेळ बघत राहिले, कामगाराकडे बघावं तसे, आणि मग त्यांनी घड्याळ तिला परत केलं.

"तू दाब. मी मोजतो."

जिन्यात पावलं वाजली. आई होती. बावीस वर्षांत ती या कामासाठी वर आली नव्हती.

"दूध उतरवून आलेय," ती म्हणाली. "कुठून येते ती?"

"टाकीच्या डावीकडून. पण वेळ लागेल दिसायला. फार मंदावलीये बिचारी. आता चाळीस-चाळीस सेकंदांनी एकदा झळकते."

"वय झालं तिचं."

"आपल्या सगळ्यांचंच."

खालच्या रस्त्यावर कोणीतरी दुकानाचं शटर ओढलं. कोणाच्या तरी घरात भांडी वाजली. टाकीच्या डावीकडे, जिथे काहीच नव्हतं, तिथे एक चमक उमटली, लख्ख, आणि विझली.

टक्.

"एक," बाबा म्हणाले.

"बाबा!"

"असू दे गं. आज दोनदा मोजू, वजाबाकीत गळून जाईल."

चाळीस सेकंद म्हणजे फार वेळ असतो. हातातलं घड्याळ चालू होतं, काटा फिरत होता, आणि वर बघायला काळोखाशिवाय काही नव्हतं. बाळी तिच्या मानेत तोंड खुपसून झोपली होती. तेवढ्या वेळात तिने किती श्वास घेतले, कोण जाणे.

"ती बघा, ती बघा!" आईच आधी म्हणाली. "दोन!"